पुस्तिकेवरचा पहारा

सोमवार, ३ मार्च

रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, राग गिळू नका, लोकांवर काढू नका, लिहून काढा. म्हणजे इतकी वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून निवृत्त झाल्यावर आता स्वतःच्या रागाची मुद्रितं काढायची. ठीक आहे.

आजचा राग सूनबाईवर. ह्यांनी आणि धाकट्या भावोजींनी मिळून जो कारखाना उभा केला, त्याची कचेरी आता ती सांभाळते. आम्ही रुग्णालयांना यंत्रं करून देतो, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारी. माझे चिरंजीव ती बसवायला गावोगाव हिंडतात आणि भावोजी वरच्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतात.

तर सूनबाईने कचेरीत एक नवा सर्व्हर आणून बसवला आहे. का? तर म्हणे कचेरीत एकच सॉफ्टवेअर. गिऱ्हाईकं त्यात, ऑर्डरी त्यात, बिलं त्यात आणि सगळी कागदपत्रंही त्यातच. एखाद्या इंजिनिअरने भला मोठा नकाशा उघडला की खाली बिल करणाऱ्या बाईचा पडदा गोठतो आणि गिऱ्हाईक ताटकळतं.

"एकाच चुलीवर सगळा स्वयंपाक कशाला, आई?" जेवताना मला समजावत होती. "कागदपत्रांची चूल वेगळी. लिहिणं, सुधारणं सगळं नव्या सर्व्हरवर होईल आणि काम झालं की तो तयार प्रत सॉफ्टवेअरकडे परत देईल. बसल्या जागी चौघांना एकाच कागदावर लिहिता येईल."

"चौघांनी एका कागदावर लिहिलं की काय होतं ते मी आयुष्यभर निस्तरलंय," मी म्हटलं. "आणि मला कशाला सांगतेस? मी निवृत्त आहे."

"कारण यंत्राची वापर-पुस्तिका तुम्ही तपासणार आहात. घरूनच."

विचारलंही नाही. सांगितलं!

अठरा तारखेला एका मोठ्या रुग्णालयाची माणसं तपासणीला येणार आहेत. कागदपत्रं चोख असतील तर त्यांच्या सगळ्या शाखांना आमची यंत्रं जातील. भावोजींनी तिला बजावलं आहे, की तोवर हे प्रकरण नीट चाललं तर ठीक, नाहीतर तो डबा उचलायचा आणि कचेरी त्यांच्या जावयाच्या हातात द्यायची.

चिरंजीवांनी नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच आणखी एक सांगितलं. तिला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आहे. वीस तारखेला उत्तर द्यायचं आहे. इथे जमलं नाही तर दोघंही जातील.

जाऊ देत की. मला काय? एक खोली भाड्याने देता येईल. जेवणाचं टेबल मोठं पडेल, तेही विकून टाकीन.

बुधवार, ५ मार्च

सूनबाईने तिचा जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर मांडून दिला. पुस्तिका उघडली. कागदावर जो कोणी आत असेल त्याच्या नावाची रंगीत चिठ्ठी दिसते. माझी जांभळी. मला न विचारता दिलेली.

दुसऱ्या पानावर पोचते तोच एक हिरवी चिठ्ठी माझ्या ओळीत घुसली. थोरला इंजिनिअर. ह्याला मी मनातल्या मनात पंडित म्हणते, कारण साध्या वाक्याला सोवळं नेसवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मूळ मजकूर त्याचाच: "झाकण उघडावे. तत्पूर्वी आतील वाफ संपूर्णतः निष्कासित केलेली असावी."

आता यंत्रासमोर उभी असलेली परिचारिका एकेक ओळ वाचत काम करते. पहिली ओळ वाचून तिने झाकण उघडलं. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायला तिचा चेहरा शाबूत राहील का?

मी लिहिलं: "आधी वाफ सोडा. काटा शून्यावर आला की मगच झाकण उघडा." माझ्या डोळ्यांदेखत हिरवी चिठ्ठी सरकली आणि "सोडा"चं "निष्कासित करा" झालं. मी पुन्हा "सोडा" केलं. त्याने पुन्हा "निष्कासित". अशी आमची मूक मारामारी चालली. शेवटी मी फोन लावला.

"पंडितजी, तुमच्या आईला वाफेने भाजलं तर तुम्ही डॉक्टरांना काय सांगाल, निष्कासित वाफेने भाजलं?"

"कोण पंडित? काकू, भाषा जरा अधिकृत नको का वाटायला?"

"हाताला फोड अधिकृत येतो का?"

चिठ्ठी निमूट निघून गेली.

गुरुवार, ६ मार्च

मी दुपारी आडवी झाले तेवढ्यात पंडिताने सातव्या पानावर तीन ठिकाणी "सदरहू" घातलं. कुत्र्याचं शेपूट!

पण उपाय सापडला. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत संध्याकाळी अभ्यासाच्या तासाला समोरच्या उंच खुर्चीवर एक सिस्टर बसायची. बऱ्याचदा तिचा डोळा लागलेला असायचा, कधी हनुवटी छातीला टेकायची. तरी शंभर मुलींतल्या एकीची कुजबुज करायची छाती व्हायची नाही. खुर्ची रिकामी नाही, एवढं पुरेसं होतं.

तर मी आता पुस्तिकेतून बाहेर पडतच नाही. लॅपटॉप विजेला लावून ठेवला आहे, झाकण उघडं. चिरंजीव गावाला निघण्याआधी घरी होते, त्यांच्याकडून तो झोपणार नाही अशी व्यवस्था करून घेतली. मी जेवते, झोपते, बाजारात जाते, माझी जांभळी चिठ्ठी मात्र पानावर. बुजगावण्यासारखी.

दुपारी झोपून उठले, पाहिलं. एकही सदरहू नाही.

आणि वर लिहून येतं, "सर्व बदल जतन केले." वा! यंत्र बरं आहे म्हणायचं. पण हे सूनबाईला सांगायचं नाही.

सोमवार, १० मार्च

सूनबाई आज उतरलेलं तोंड घेऊन घरी आली. विक्रीच्या माणसाने सॉफ्टवेअरमधून पुस्तिका छापून काढली तर जुनीच निघाली. "झाकण उघडावे. तत्पूर्वी." तीच ती.

"म्हणजे मी केलेलं गेलं कुठे?" मी ताडकन उठले.

"उघडून बघितलं तर सगळं दिसतंय, आई. तुमचा शब्दन् शब्द आहे. पण छापायला किंवा पाठवायला गेलं की जुनी प्रत येते. नवी परत येतच नाहीये."

"बाकीचे कागद?"

"ते सगळे नीट. नकाशे, दरपत्रकं, करार. फक्त पुस्तिकाच अडून बसलीय."

मी सांगितलं, की मला ह्या वेगळ्या चुलीचा पहिल्यापासून संशय होता. तिने उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. जेवली नाही धड. केलेली भाजी कोणी खायची?

पहारा आणखी कडक करायला हवा. कोणीतरी आत येऊन घोळ घालत असणार.

गुरुवार, १३ मार्च

सर्व्हर बसवून देणारा माणूस आज कचेरीतून फोनवर होता, सूनबाई घरी जेवणाच्या टेबलाशी. त्याचं नाव मी "बघतो" ठेवलं आहे. त्याला काहीही विचारा.

"दोन्ही सर्व्हर एकमेकांना ओळखतात ना?"

"हो, म्हणजे ओळखायला पाहिजेत. बघतो."

"मग पुस्तिकेचंच घोडं कुठे अडलंय?"

"तेच बघतो."

मी लांबूनच म्हटलं, "अहो, बघून बघून डोळे गेले असतील तर चष्म्याचा खर्च आम्ही देतो."

"काकू, तुम्ही आहात का तिथे? नमस्कार! पुस्तिका फार छान झालीय. माझ्या बायकोला वाचून दाखवली, तिला यंत्र चालवता येईल म्हणाली."

चष्म्याचा विषय मी तिथेच सोडला.

फोन ठेवल्यावर सूनबाई डोळे चोळत म्हणाली, "आई, काम झालं की तुम्ही पुस्तिका बंद करता ना?"

"मी हातात घेतलेलं काम आजवर कधी वाऱ्यावर सोडलेलं नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. मला तर तिचा रागच आला. सगळ्या जगाला सोडून घरच्या माणसाची उलटतपासणी!

डोळ्यांखाली काळं दिसतंय तिच्या. उद्या दूध जास्त घ्यायला हवं. मला लागतं म्हणून.

शुक्रवार, १४ मार्च

भावोजी संध्याकाळी घरी आले. बशी बाजूला सारून कप थेट माझ्या टेबलावर ठेवला. ह्यांच्या हयातीत हिंमत झाली नसती.

"वहिनी, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. जुनं काय वाईट होतं? थोडं हळू चालायचं, पण चालायचं तर. आता नवा डबा वेगात चालतो आणि देतो काय, तर जुनाच कागद!"

सूनबाई समोर खाली मान घालून बसली होती. ही मान माझ्यासमोर कधी खाली जात नाही.

"हळू चालायचं?" मी म्हटलं. "भावोजी, खाली बिल करणाऱ्या बाईने मागच्या वर्षी गोठलेल्या पडद्यासमोर बसून अख्खा स्वेटर विणला. तुम्हीच घालून फिरत होता तो. नवी सोय बसायला वेळ लागतो. तुम्हाला नवी कवळी बसायला किती लागला?"

"वहिनी!"

"आणि कचेरी जावयाच्या हाती द्यायची म्हणता. त्या बिचाऱ्याला जेवणाच्या सुट्टीनंतर परत यायला आठवण करावी लागते."

भावोजी कप तसाच टाकून गेले. मी त्यांना बोलले ते केवळ टेबलावर कपाचा डाग पडला म्हणून. सूनबाईने गैरसमज करून घेतला असावा, कारण ती डाग पुसताना हसत होती.

रविवार, १६ मार्च

चिरंजीव घरी. दोघं त्यांच्या खोलीत लॅपटॉपवर घरांचे फोटो बघत होते. मी कपडे ठेवायला गेले तेव्हा पटकन दुसरं काहीतरी उघडलं. मला ओझरतं दिसलं. दोन खोल्या, लहानशी बाल्कनी. स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोन बायका उभ्या राहणार नाहीत. अर्थात दोन लागणारच नाहीत.

टेबल विकायचं नाही. एकटीला पण टेबल लागतंच.

बाकी विशेष नाही. जांभळी चिठ्ठी जागेवर.

सोमवार, १७ मार्च

आजचं लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

सकाळी भावोजींनी फर्मान काढलं, की चारला नवा सर्व्हर बंद करायचा आणि उद्या तपासणीला जुन्याच प्रती ठेवायच्या. म्हणजे वाफेआधी झाकण! सूनबाईने शेवटचा एक प्रयत्न करू द्या म्हणून दुपार मागून घेतली.

मी घरी पुस्तिकेसमोर बसून होते. तीनच्या सुमाराला एकेक चिठ्ठी पानावरून जायला लागली. आधी पंडिताची हिरवी. मग विक्रीवाल्याची केशरी. मग सूनबाईची निळी. पान ओकं-बोकं. मी मात्र हलले नाही. पळणाऱ्यांतली मी नाही.

फोन वाजला. सूनबाई. आवाज अगदी हळू.

"आई, तुम्ही आत्ता पुस्तिकेत आहात?"

"आहेच."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. त्या पंडितावर लक्ष कोण ठेवणार? तुम्ही सगळे पळालात, मी आहे."



"म्हणजे मधे एकदाही बाहेर पडला नाहीत?"

"एकदाही नाही," मी अभिमानाने सांगितलं. अभिमानाने!

"आई," ती म्हणाली, "आत कोणीतरी असेपर्यंत तो सर्व्हर कागद परत देत नाही. त्याला वाटतं काम चालू आहे. शेवटचा माणूस बाहेर पडला की मग प्रत आपल्याकडे येते. बाकी सगळे संध्याकाळी आपापलं बंद करून घरी जातात. तुम्ही..."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. मी घरीच होते की! सगळ्यांना चोर समजून दारात काठी घेऊन बसले होते आणि कुंपणानेच शेत खाल्लं.

"पण वर लिहिलंय," मी म्हटलं, "सर्व बदल जतन केले!"

"त्याच्याकडे केलेत. आपल्याकडे नाही आलेत. आणि काका आत्ता सर्व्हरच्या खोलीत उभे आहेत, वायर उपटायला."

"मग त्यांना थांबव! माझं सगळं काम आहे त्यात!"

"थांबवलंय. तुमचा तो बघतो दारात आडवा उभा आहे. तुम्ही फक्त बंद करा. कोपऱ्यातली फुली."

इथे मी जे केलं ते लिहिते, डॉक्टरांचं नाव घेऊन. मी बोट फुलीवर ठेवलं आणि दाबेना. बंद केलं आणि गेलं सगळं तर? जन्मभर मी दुसऱ्याने "ठेवलंय" म्हटलेलं कधी मानलेलं नाही, स्वतः कपाट उघडून पाहिलेलं आहे.

"जाणार तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही जाणार, आई. मी सांगते ना."

दाबली.

जांभळी चिठ्ठी, पान, सगळं गेलं. पडद्यावर नुसता निळा रंग. मग फोनवर मागून बघतोचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच त्याने बघतो म्हटलं नाही. "आली!" म्हणाला. "मॅडम, आली! आजची तारीख!" आणि पाठोपाठ छपाईयंत्राचा खरखराट. सूनबाईने मला पान वाचून दाखवलं: आधी वाफ सोडा. काटा शून्यावर आला की मगच झाकण उघडा.

"सदरहू आहे का कुठे?" मी विचारलं.

"एकही नाही."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती रडत होती की हसत होती कळलं नाही. मी तिला म्हटलं नाक पूस, लोक बघतात.

मंगळवार, १८ मार्च

तपासणी झाली. रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेने पुस्तिका उभ्याने वाचली आणि यंत्रासमोर जाऊन एकेक ओळ करून पाहिली. म्हणाली, ही पहिली पुस्तिका की जिच्यासाठी मला इंजिनिअरला बोलवावं लागलं नाही. पंडित तिथेच उभा होता. हे मला चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, मी दोनदा सांगायला लावलं.

यंत्रं मंजूर. सगळ्या शाखांना.

एका गोष्टीचा मात्र संताप आहे. घोटाळा कशामुळे झाला होता, असं भावोजींनी सर्वांसमोर विचारलं तेव्हा सूनबाईने सांगितलं, "दोन सर्व्हरचा ताळमेळ बसत नव्हता, काका. आता बसला." माझं नावही नाही.

मला कोणी पाठीशी घालायचं? मी काय शाळकरी पोर आहे?

बुधवार, १९ मार्च

कचेरीत गेले. भावोजींच्या टेबलासमोर उभी राहिले, आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"भावोजी, सर्व्हर नीट होता. ताळमेळही नीट होता. माझ्या सुनेने बसवलेल्या एकाही गोष्टीत खोट नव्हती. मी पुस्तिका धरून बसले होते, म्हणून ती परत जात नव्हती. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता. चोर मी."

भावोजींचं पोट हलायला लागलं.

"वहिनी, म्हणजे ह्या कारखान्याला तुम्ही वेठीला धरलं होतं?"

"घरबसल्या."

"दादा असता तर..." एवढं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाहेर बिल करणारी बाई हसली, बघतो हसला, पंडित तोंड लपवून हसला. हसा! पण हसू ओसरल्यावर भावोजींनी सूनबाईला आत बोलावलं आणि सांगितलं की कचेरी तिचीच, आणि पुढच्या वेळी मी वायरीला हात लावायला निघालो तर आधी वहिनींना फोन कर.

बघतोने जाता जाता मला सांगितलं, आता नवीन नियम घातलाय. कोणी बराच वेळ काही न लिहिता नुसतं आत बसून राहिलं तर सर्व्हर त्याला आपोआप बाहेर काढणार.

"हा नियम माझ्यासाठी?"

"नाही काकू, सगळ्यांसाठी," तो म्हणाला. खोटारडा!

गुरुवार, २० मार्च

सकाळी सूनबाई कचेरीला निघायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसली. दुसऱ्या शहराच्या लोकांना तिने नकार कळवला आहे.

"पगार किती देत होते?" मी विचारलं.

तिने सांगितला.

"आणि नाही म्हणालीस? मूर्ख आहेस."

"हो," ती म्हणाली आणि डबा घेऊन गेली. उलट उत्तर देण्याची तिची पद्धत मला मुळीच आवडत नाही.

दुपारी जरा पाठ टेकली ती दिवे लागेपर्यंत झोपले. कधी नव्हे ती अशी झोप, मेल्यासारखी. जाग आली तेव्हा दोघंही परत आलेली, पावलं न वाजवता घरात वावरत होती आणि माझ्या अंगावर कोणीतरी पांघरूण घातलं होतं. उठवलं का नाही म्हणून दोघांनाही चांगली फैलावर घेतली.